नाद करायचा तर दारापासून: गाडीत कंपोनंट स्पीकर कसे निवडावे आणि चालवावे

कंपोनंट सेट घ्यायला गेलं की नजर आधी जाते खोक्यावरच्या '३५० वॅट'वर. तो आकडा पीक पॉवरचा, म्हणजे क्षणभराचा. तिकडं बघूच नका. बारीक अक्षरांत 'आरएमएस' शोधा. साडेसहा इंची सेटला बहुतेक वेळा ६०-८० वॅट सापडतील. स्पीकर सलग पेलतो ते तेवढंच.

कोअॅक्सियल म्हणजे एकाच तुकड्यातल्या स्पीकरमध्ये ट्वीटर (बारीक सूर वाजवणारा) वूफरच्या (जाड सूर वाजवणाऱ्याच्या) डोक्यावरच बसलेला असतो. कंपोनंटमध्ये दोघं वेगळे, आणि कुठला सूर कुणाकडं जायचा हे क्रॉसओव्हर ठरवतो. वूफर खाली दारात राहतो, ट्वीटर डॅशवर किंवा आरशामागच्या कोपऱ्यात चढतो, त्यामुळं गाणं पायाशी न घुमता समोरून येतं. फक्त काचेशेजारच्या खांबात, म्हणजे पिलरमध्ये, कर्टन एअरबॅग असेल तर तिथं ट्वीटर नको.

आता सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते. ८७ डीबीचा स्पीकर ९० डीबीवाल्याइतकाच वाजवायचा तर त्याला दुप्पट वॅट लागतात. स्टिरिओवर '४ × ५०' छापलेलं असलं तरी चॅनेलमागं खरे १५-२० वॅटच मिळतात. म्हणून वेगळा अॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) घ्यायचा नसेल तर ९०च्या वरचाच सेट बघा. माझं विचाराल तर अॅम्प घ्याच: ४ ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागं ६०-७५ वॅट आरएमएस. मरतुकड्या अॅम्पला ताणलं की आवाज फाटतो आणि बहुतेकदा ट्वीटरचा बळी जातो.

वायरचा हिशोब सोपा आहे. दोन चॅनेलचे ७५ प्रमाणे १५० वॅट. क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा अॅम्प त्यासाठी बॅटरीकडून साधारण २०० वॅट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टला १४-१५ अँपिअर. शुद्ध तांब्याची ८ गेज वायर पुरते. स्वस्त किटमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवा. अॅम्पजवळ बसवून उपयोग नाही, कारण वाचवायची असते ती मधली वायर. अर्थिंगला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा आणि वायर आखूड ठेवा. पॉवरची वायर एका बाजूनं नेली तर आरसीए, म्हणजे स्टिरिओकडून अॅम्पला गाण्याचा सिग्नल नेणारी वायर, दुसऱ्या बाजूनं न्या, नाहीतर अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येईल.

सगळ्यात जास्त वेळ दाराला द्या. काचेवरून ओघळलेलं पाणी दारातूनच खाली जातं, आणि आपल्या कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये ते किती असतं हे सांगायला नको. माझ्या पहिल्या सेटला स्पीकर बसवायची रिंग एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, लावली होती. पावसाळा संपेस्तोवर ती चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली आणि स्क्रू हातात आले. रिंग प्लास्टिकची किंवा नायलॉनची घ्या. मापाची मिळाली नाही तर उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याला विचारा. पत्र्यावर त्याची थरथर दाबणारी ब्यूटाइल (चिकट रबरी) शीट रोलरनं दाबून लावा, आतल्या पॅनेलची मोठी भोकं बंद करा. मात्र दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चुकूनही बुजवू नका. एवढं केलं की मध्यम सेटही असा वाजतो की नाद खुळा!

जोडताना पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस कुठलं ते बघा. वूफरच्या प्लस-मायनसला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर बरोबर. एक उलटा लागला तर बास गायब होतो आणि लोक उगाच स्पीकरला शिव्या देतात.

शेवटी गेन, म्हणजे स्टिरिओच्या सिग्नलला अॅम्पनं किती वाढवायचं ते. अॅम्पचा हाय पास (त्याखालचा जाड बास अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवा आणि स्टिरिओचे बास बूस्ट बंद करा. गेन शून्यावर ठेवून स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश चढवा आणि ओळखीचं गाणं लावा. गेन हळूहळू वाढवा, आवाज चरचरला की थोडा मागं घ्या.

मग गाणी लावून पन्हाळ्यापर्यंत जाऊन या. वर पोचलात की बॉनेट उघडून फ्यूजहोल्डरला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) सैल आहे, तो काढून नीट क्रिंप करून, म्हणजे दाबून, घ्या.