कोलियसचं जोडपान

बायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी मनी प्लांट घेऊ नका, कोलियस घ्या, म्हणजे ते रंगीबेरंगी पानांचं शोभेचं झाड. मनी प्लांटचं पान कापा, झाका, काहीही करा, त्याला महिनाभर पत्ताच नसतो. कोलियस आठवडाभरात उत्तर देतो. शिवाय त्याच्या प्रत्येक पेरावर दोन पानं समोरासमोर येतात, एकाच वयाची आणि जवळपास एकाच मापाची. एकावर प्रयोग करायचा, समोरच्याला हात लावायचा नाही. ज्युनियर कॉलेजात शिकवताना मी मुलांच्या मागे एवढ्या एकाच गोष्टीसाठी लागायचे: जोडीच्या पानाशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही. रंगीत तक्ते, थर्माकोलची मॉडेलं हे सगळं नंतर.

नर्सरीतून दोन रोपं आणा. एक गडद मरून पानांचं आणि दुसरं हिरव्या पानावर पांढरट पट्टे असलेलं. खोड बोटांत धरून फिरवलं तर चौकोनी लागतं, कारण हे तुळशीचंच कूळ. तुळशीसारखाच याला तुराही येतो. तो दिसला की लगेच खुडा, नाहीतर झाड पानं सोडून बियांच्या मागे लागतं. पूर्वेच्या खिडकीतली ग्रिल उत्तम. पश्चिमेचं दुपारचं ऊन मिळालं तर पानं करपतात. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू दिलंत तर मुळं कुजून अख्खं रोप दोन दिवसांत मान टाकतं. देठांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. इयरबड स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. स्पिरिट पुढे लागणारच आहे.

आणलेलं रोप एकच असेल तर आधी त्याची रोपं करा. पेराच्या जरा खाली शेंडा कापायचा, खालची दोन पानं काढायची आणि पाण्याच्या ग्लासात ठेवायचा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. पाणी दिवसाआड बदला, डासांची पैदास नको.

आता रंग. मरून पान हिरवं नसतंच असं बारावीतली मुलंसुद्धा बिनधास्त लिहितात. पान तोडा, वाटीत ठेवा, वरून उकळतं पाणी ओता आणि बघत बसा. आधी कडेनं जांभळट धुरासारखं काहीतरी पाण्यात उतरतं, मग शिरांच्या बाजूनं, आणि पाच-सात मिनिटांत वाटीत गुलाबी-जांभळं पाणी आणि त्यात चक्क हिरवं पान! लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. तो बहुतेक करून पानाच्या वरच्या त्वचेतल्या पेशींत, रसात विरघळलेला असतो. गरम पाण्यानं पेशींची पापुद्र्यासारखी आवरणं फाटतात आणि रस बाहेर येतो. हिरवं क्लोरोफिल मात्र आतल्या हरितकणांमधल्या स्निग्ध पटलांत बसलेलं असतं. ते पाण्याला दाद देत नाही, त्याला स्पिरिट लागतं.

ते जांभळं पाणी तीन वाट्यांत वाटा. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका, तिसरी तशीच ठेवा. लिंबाची वाटी लालभडक होते, सोड्याची निळसर-हिरवी. आम्लात आणि अल्कलीत अँथोसायनिनच्या रेणूची घडण बदलते, म्हणून रंग बदलतो. पानातला रस आम्लधर्मी असतो, म्हणून पान लाल दिसतं. घरात कोलियस नसेल तर आमसुलाच्या पाण्यावर हेच करून बघा. आमसुलाचा लाल रंगही अँथोसायनिनचाच आहे.

स्पिरिटमध्ये हिरवा अर्क काढून फिल्टर पेपरवर रंग वेगळे करायचा प्रयोग यूट्यूबवर फार देखणा दिसतो. नुसत्या स्पिरिटनं घरी तो धूसरच येतो, पिवळ्या-हिरव्याच्या कडा एकमेकांत मिसळतात. नीट पट्टे हवे असतील तर कॉलेजच्या लॅबमध्ये पेट्रोलियम इथर आणि ॲसिटोन घेऊन करा. स्वयंपाकघरात ती द्रव्यं आणू नका.

स्टार्चची चाचणी मात्र घरी छान होते. पांढऱ्या पट्ट्यांचं रोप दीड-दोन दिवस कपाटात ठेवा, म्हणजे पानात आधीचा साठलेला स्टार्च संपतो. मग सकाळी खिडकीत आणा आणि एका जोडीतलं एक पान दोन्ही बाजूंनी काळ्या कागदात गुंडाळून क्लिप लावा. समोरचं उघडं. दुपारी चारच्या सुमाराला दोन्ही तोडा. तोडल्या तोडल्या उघड्या पानाचा फोटो काढा, म्हणजे पांढरा भाग कुठे होता ते नंतर शोधावं लागणार नाही. दोन्ही पानं मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. मग गॅस बंद करा, पूर्ण बंद. स्टीलच्या छोट्या पेल्यात स्पिरिट आणि पानं घालून तो पेला त्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. स्पिरिटची वाफ पेट घेते, म्हणून हे काम मोठ्या माणसानं करायचं आणि खिडकी उघडी ठेवायची. स्पिरिट हिरवं होतं, पान फिकट आणि ठिसूळ. पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ होतं. त्यावर आयोडीन टाका. मेडिकलवाल्याकडचं पोविडोन आयोडीन चहाच्या रंगाइतकं पातळ केलं तरी चालतं.

उघड्या पानाचा हिरवा भाग निळा-काळा होतो, पांढरा भाग नुसता पिवळट-तपकिरी राहतो. झाकलेलं पान जवळपास अख्खंच तपकिरी. म्हणजे क्लोरोफिलही लागतं आणि उजेडही. आता हेच मरून पानावर करा, तेव्हा खरी गंमत. गरम पाण्यात लाल गेल्यावर जिथे हिरवं दिसलं तिथे काळं होतं. आणि ज्या जातींत पानाचा मधला भाग गुलाबी असतो, तिथे लाल उतरल्यावर खाली हिरवं निघतच नाही. तो भाग आयोडीननं काळा होत नाही. रंगाकडे बघून अंदाज बांधणाऱ्यांची इथे हमखास विकेट पडते.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग देठाचा, आणि त्याला खर्च काहीच नाही. शेंड्यापासून तिसऱ्या-चौथ्या पेरावरची जोडी निवडा. एका पानाचं पातं कात्रीनं कापून टाका, देठ तसाच ठेवा. समोरचं पान अख्खं. पेराला दोऱ्याची खूण बांधा. रोज बोटानं देठाला हलकासा धक्का द्या, ओढू नका. काही दिवसांनी देठ पिवळट होतो, बुडाशी एक बारीक रेघ उमटते आणि साधारण आठवड्याच्या आतबाहेर नुसत्या स्पर्शानं तो गळून पडतो. समोरचं पान जागच्या जागी. पात्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक देठातून सतत खाली उतरत असतं आणि ते येतंय तोवर बुडाच्या पेशी धरून राहतात. पातं गेलं, ऑक्सिन थांबलं, की तिथल्या पेशींवर इथिलिन या वायुरूप संप्रेरकाचा जोर चालतो आणि त्यांच्यामधलं सिमेंट विरघळतं.

पण पातं कापल्याच्या जखमेमुळे देठ गळला नाही कशावरून? हा प्रश्न मुलांनी विचारला की मला बरं वाटायचं. त्यासाठी दुसऱ्या रोपाच्या एका जोडीची दोन्ही पाती कापा. एका देठाच्या टोकाला नुसतं व्हॅसलिन, दुसऱ्याला कलमांची मुळं फुटायला वापरतात त्या पावडरीची चिमूट व्हॅसलिनमध्ये कालवून लावा. त्या पावडरीत ऑक्सिनसारखं काम करणारं इंडोल ब्युटिरिक ॲसिड किंवा नॅफ्थॅलीन ॲसेटिक ॲसिड असतं. पाकीट वाचून घ्या. जखम दोघांना सारखीच, पण पावडरवाला देठ जास्त दिवस टिकायला हवा. लॅबमध्ये व्हॅसलिनऐवजी लॅनोलिन वापरतात. पावडर भसाभसा लावू नका, ऑक्सिन जास्त झालं तर झाड स्वतःच जास्त इथिलिन सोडतं.

कोलियसवरचं नावाजलेलं कामही याच धाग्याचं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेकब्स यांनी कोलियसच्या खोडातला वाहिन्यांचा जुडगा कापून पाहिला. झाड जखमेला वळसा घालून नवी जलवाहिनी बांधतं, आणि वरची पानं काढली तर हे काम मंदावतं. पानाच्या जागी ऑक्सिन दिलं की पुन्हा होतं. हे त्यांनी १९५२ मध्ये मांडलं. याला मायक्रोस्कोप लागतो, म्हणून प्रोजेक्टमध्ये पार्श्वभूमी म्हणून लिहा, करायला जाऊ नका.

पालकांचा एक प्रश्न ठरलेला: हे ते वजन कमी करायचं कोलियस का? नाही. ते कोलियस फोर्स्कोली, आता त्याला कोलियस बार्बेटस म्हणतात. घाटकोपर-भुलेश्वरच्या गुजराती दुकानांत मिळणारं गरमरचं लोणचं त्याच्याच मुळांचं. त्या मुळांत फोर्स्कोलिन असतं, आणि ते शोधलं गेलं आपल्याच मुलुंडला, हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात, १९७०च्या दशकात. रक्तदाब उतरवणारं द्रव्य शोधता शोधता ते सापडलं. पेशीतल्या ॲडिनिलेट सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) ते थेट चालना देतं आणि सायक्लिक एएमपी हा पेशीत निरोप पोचवणारा रेणू वाढवतं, हे १९८१ मध्ये दिसलं. तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये ते रोजच्या वापरातलं आहे. खिडकीतलं रंगीबेरंगी कोलियस वेगळं, ते पोटात घ्यायचं नाही. भज्यांचा पानओवा मात्र कोलियसच. त्याच्या लवेवरच्या ग्रंथींत कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल असतं, म्हणून पान चुरगळलं की ओव्याचा वास येतो.

वेळापत्रक असं ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये स्टार्चच्या भानगडीत पडू नका, ढगाळ दिवशी हिरवा भागही धड काळा होत नाही आणि मग सगळे आयोडीनला दोष देतात. देठाचा प्रयोग आणि रंगाचा प्रयोग पावसात करून घ्या. स्टार्च ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीच्या सुट्टीत. आणि वहीत कुठल्या पेरावरचं पान ते लिहा, नुसतं 'एक पान घेतले' असं नको.