हार्टच्या डॉक्टरकडे जाताना: कोणती तपासणी कशासाठी, आणि ती कुठे फसते

छातीत दुखले की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुठली टेस्ट करून घ्यायची?" ते ठरते तक्रारीवरून. ईसीजी त्या काही सेकंदांतली हृदयाची वीज दाखवतो. एको पंपाची ताकद आणि झडपा दाखवतो. टीएमटी (पट्ट्यावर चालवून करायची टेस्ट) जोर पडल्यावर काय होते ते पाहते, होल्टर दिवसभराचे ठोके मोजते आणि अँजिओग्राफी रक्तवाहिन्यांतले अडथळे दाखवते. एकीचे काम दुसरी करत नाही. त्यामुळे जिना चढताना छाती भरून येणाऱ्याने नुसता ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणे जितके चुकीचे, तितकेच काहीही त्रास नसताना सवलतीचे 'हार्ट पॅकेज' घेऊन टीएमटीवर चढणेही. त्रास नसलेल्या माणसात ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण बरेच असते, आणि मग नको त्या तपासण्यांची रांग लागते.

आधी एक गोष्ट. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जडपणा १५-२० मिनिटे थांबत नसेल, तो जबडा, डावा हात किंवा पाठीकडे जात असेल, सोबत दरदरून घाम सुटला असेल, तर क्लिनिकची अपॉइंटमेंट घेत बसू नका, १०८ फिरवा. मधुमेही, वयस्क आणि बायका ह्यांच्यात कधी कधी दुखणे फारसे नसते. नुसता दम, उलटी, कमालीचा थकवा असतो. 'गॅस झाला असेल' म्हणून सोलकढी पिऊन वाट बघण्यात जाणारा वेळ सगळ्यात महाग. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) पोचायला तासाहून अधिक लागतो, म्हणून मोठ्या अटॅकसाठीच्या 'स्टेमी गोवा' उपक्रमात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी गोमेकॉच्या तज्ज्ञांकडे पाठवला जातो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देण्याची सोय केली आहे. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) मात्र जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच खाली असेल तर माणूस कोसळतो, आणि गेल्या दोन दिवसांत लैंगिक शक्तीची गोळी घेतली असेल तर हा धोका फार वाढतो.

फाईल

पहिल्या भेटीत डॉक्टरला सर्वांत उपयोगी पडतो तो जुना ईसीजी. आजच्या पट्टीवरचा बदल नवा की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्यावरूनच कळते. पण ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जाणारा असतो. प्लास्टिकच्या पाकिटात, स्कूटरच्या डिकीत किंवा पावसाळ्याच्या दमटपणात तो वर्षा-दोन वर्षांत फिका होतो, आणि लॅमिनेशन केले तर गरम रोलरखाली अख्खा काळा पडतो. मिळाल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्या.

औषधांची नावे सांगण्यापेक्षा पट्ट्याच घेऊन जा. 'सकाळची पांढरी अर्धी' ह्यातून काही कळत नाही. आयुर्वेदिक काढे, दुखण्यावरच्या गोळ्या, तपकीर, फेणीचे प्रमाण, सगळे सांगा. रोजच्या दुखण्याच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि किडनीवर भार टाकतात, ही गोष्ट पुष्कळदा सांगायचीच राहते. वडील किंवा भाऊ ५५ वर्षांआधी, आई किंवा बहीण ६५ वर्षांआधी हृदयविकाराने आजारी पडले असतील तर तेही लिहून न्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असेल तर त्याची मुदत आणि घरातल्या सगळ्यांची नावे भरती ठरण्याआधीच काउंटरवर तपासून घ्या. ऐन वेळी कळले तर धावपळ घरच्यांचीच होते.

रक्तदाब

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट रीतीने केली जाणारी तपासणी हीच. बसमधून उतरून, जिना चढून, लगेच हात पुढे केला तर आकडा वाढलेलाच येणार. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता ५ मिनिटे गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. पट्टा शर्टच्या बाहीवर बांधू नये, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्याने आकडा जास्त दाखवतो. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यावा आणि पुढे ज्या हाताचा जास्त आला तोच धरावा.

डॉक्टरसमोर १५० आणि घरी १२५, असे बऱ्याच जणांचे होते. म्हणून भेटीआधीचे ७ दिवस सकाळी औषध घेण्यापूर्वी आणि रात्री, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ती वाढलेली समजतात.

ईसीजी

उपास नको, पाच मिनिटांचे काम. हातापायांना चार आणि छातीवर सहा, असे दहा इलेक्ट्रोड. त्यातून बारा लीड, म्हणजे हृदयाची बारा बाजूंनी घेतलेली नोंद, मिळते. छातीवरचे पहिले दोन चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजवी-डावीकडे बसतात. बऱ्याच ठिकाणी ते वर, गळ्याकडे लावले जातात आणि मग जुन्या अटॅकची खोटी खूण उमटते. हातांच्या वायरींची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक: पहिल्या लीडमधले सगळे उलटे दिसते. असा रिपोर्ट आला की घाबरण्याआधी पुन्हा काढायला सांगावे.

आपल्याकडे मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सरकतात, रेघ लाटेसारखी वरखाली जाते. त्या दिवशी अंगाला खोबरेल तेल किंवा पावडर लावू नका. छातीवर दाट केस असतील तर थोडे काढावे लागतात. एसीच्या गारव्याने कुडकुडलात तर स्नायूंच्या थरथरीने रेघ दातेरी होते. चादर मागून घ्यायला लाजू नका.

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन उंच टोकांमध्ये जितके मोठे चौकोन, त्यांनी ३०० ला भागले की नाडीचा वेग मिळतो: चार चौकोन असतील तर ७५. ठोके अनियमित असतील तेव्हा हे गणित चालत नाही. मशीनने वरच्या कोपऱ्यात छापलेले निदान मात्र वाचून सोडून द्यावे, ते अनेकदा चुकते.

अॅटॅक आलेला असतानाही पहिला ईसीजी साफ असू शकतो. दुखणे चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढतात, आणि रक्तातले ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) काही तासांच्या अंतराने दोनदा बघतात. दुखणे सुरू झाल्यावर ते वाढायला वेळ लागतो.

बाकी रक्ततपासण्यांचे थोडक्यात. कोलेस्टेरॉलसाठी प्रत्येक वेळी उपाशी राहायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर मात्र १२ तास उपाशी राहून पुन्हा द्यावे. साखरेसाठी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी), किडनीसाठी क्रिएटिनिन, धडधड असेल तर थायरॉइड, एवढे बहुतेकांना पुरते. चतुर्थीच्या नेवऱ्या-मोदकांनंतर लगेच दिलेली ट्रायग्लिसराइडची चाचणी बघून औषध ठरवू नये.

टूडी एको

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डाव्या कुशीवर झोपवून, छातीला जेल लावून २० ते ३० मिनिटे बघतात. किरणोत्सर्ग नाही, साध्या एकोला उपासही नको. अन्ननलिकेतून नळी घालून करायचा एको वेगळा. त्याला ६ तास उपाशी राहावे लागते आणि कवळी काढून ठेवावी लागते.

घाबरगुंडी उडते ती रिपोर्ट घरी आणून वाचताना. ईएफ, म्हणजे एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ६० टक्के लिहिले की लोकांना वाटते चाळीस टक्के हृदय बंद! हृदय भरलेले सगळे रक्त एका ठोक्यात कधीच बाहेर टाकत नाही. ५५ ते ७० ही निरोग्यांची ईएफ. ४० किंवा त्याहून खाली गेली तर पंप कमजोर. आज ६० आणि सहा महिन्यांनी ५५ आली तर बहुधा तो मोजण्यातला फरक असतो. 'ट्रिव्हियल एमआर', 'ट्रिव्हियल टीआर' म्हणजे झडपेतून किंचित रक्त मागे येते. ते कित्येक निरोगी माणसांतही दिसते. साठीनंतर 'ग्रेड वन डायस्टोलिक डिस्फंक्शन', म्हणजे हृदय सैल पडायला किंचित मंद, हे तर पुष्कळांत दिसते. लक्ष द्यायचे शब्द दुसरे: 'आरडब्ल्यूएमए' लिहिले असेल तर भिंतीचा एखादा भाग नीट हलत नाही, आणि 'सिव्हिअर' हा शब्द कुठल्याही झडपेपुढे आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. आणि हो, एको नॉर्मल म्हणजे ब्लॉकेज नाही असे नव्हे. विश्रांतीत ८० टक्के अडथळ्याच्या रक्तवाहिनीवरही भिंत व्यवस्थित हलू शकते.

टीएमटी

चालण्याच्या पट्ट्यावर ईसीजी लावून चालवतात. ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो: सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढाने, मग ४ किलोमीटर व १२ टक्के, मग साधारण ५.५ किलोमीटर व १४ टक्के. २२० मधून वय वजा करून त्याच्या ८५ टक्के नाडी गाठायची असते. पन्नाशीच्या माणसाला सुमारे १४५.

तयारी अशी: दोन-तीन तास आधी हलके खा, माशांचे भरपेट जेवण नको. चहा-कॉफी, विडी-सिगरेट बंद. पायात बूट हवेत, चप्पल पट्ट्यावर घसरते. बायकांनी साडीऐवजी सलवार किंवा पँट आणि पुढून उघडणारा कुर्ता घालावा. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी पुरेशी वाढत नाही आणि टेस्ट अपुरी राहते. ती बंद करायची का हे ज्याने लिहून दिली त्यालाच विचारा. आपल्या मनाने एकदम सोडल्यास दुखणे उलटते.

पट्ट्याचा दांडा घट्ट धरून लोंबकळू नका, मेहनत कमी होते आणि निकाल खोटा येतो. छाती दुखली, चक्कर आली तर तोंडाने सांगा. हिंमत दाखवायची ही जागा नव्हे. थांबल्यावरही ५-६ मिनिटे ईसीजी चालू ठेवतात, कारण काही बदल विश्रांतीतच दिसतात. नुकता अॅटॅक आलेला, बसल्या जागी दुखणारा, किंवा महाधमनीची झडप फार अरुंद असलेला माणूस टीएमटीला चालत नाही. म्हणून एको आधी, टीएमटी मागून हा क्रम शहाणपणाचा. डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) असेल तर टीएमटीचा ईसीजी वाचताच येत नाही, आणि बायकांत ती खोटी पॉझिटिव्ह यायचे प्रमाण जास्त. अशा वेळी स्ट्रेस एको (हृदयावर जोर देऊन केलेला एको) किंवा सीटी अँजिओग्राफीचा (स्कॅनने रक्तवाहिन्या बघण्याचा) पर्याय विचारावा.

होल्टर

अधूनमधून धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर. लावायच्या आधी आंघोळ उरका, नंतर नाही. घरी बसून राहाल तर टेस्ट वाया जाईल. रोजचेच काम करा. डायरीत वेळ घालून लिहा: '१०.४०, तिसऱ्या मजल्यावर चढताना धडधड'. लिहिलेच नाही तर ठोके आणि त्रास ह्यांचा मेळ बसत नाही. घामाने चिकटपट्टी सुटली तर वरून साधी कागदी पट्टी लावा. महिन्यातून एकदाच त्रास होत असेल तर २४ तासांत तो सापडेल ही आशा धरू नका, जास्त दिवसांचे यंत्र मागा.

अँजिओग्राफी

सीटी अँजिओग्राफीत नाडी साठ-पासष्टच्या खाली लागते, म्हणून आधी गोळी देतात. साध्या अँजिओग्राफीत बहुधा उजव्या मनगटातून बारीक नळी जाते. दोन्हींत आयोडीनचे औषध रक्तवाहिनीत जाते; म्हणून क्रिएटिनिन आधी करा, पूर्वी अशा औषधाने अंगावर पुरळ आले असेल तर सांगा, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी कधी थांबवायची हे विचारा. उपास चार-सहा तासांचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

अडथळा ५० ते ७० टक्क्यांच्या मधला निघाला तर तो खरोखर रक्त अडवतो का, हे तारेने दाब मोजून कळते. त्याला एफएफआर म्हणतात, आणि ०.८० किंवा कमी आला तर अडथळा महत्त्वाचा. त्रास स्थिर असेल आणि टेबलावरच 'स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आत्ताच टाकू का' असे विचारले गेले, तर हा आकडा काय आला ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सीडी मागून घ्या, नुसत्या चित्राच्या कागदावर दुसरा डॉक्टर मत देऊ शकत नाही.

घरी आल्यावर दोन दिवस त्या हाताने कळशी, सिलिंडर उचलू नका आणि स्कूटर चालवू नका. रेस नेमकी उजव्या मनगटाने पिळावी लागते. मनगट फुगले किंवा रक्त येऊ लागले तर दुसऱ्या हाताच्या बोटांनी १० मिनिटे न उचलता दाबून धरा, हात वर ठेवा. तरी थांबले नाही, किंवा बोटे गार, निळी, बधिर पडली, तर सरळ इस्पितळ गाठा.