उधारी, इसार आणि अमानत : व्यवहारात या चुका टाळा

घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचे, या संकोचापायी जितके व्यवहार नासतात तितके लबाडीमुळेही नासत नसावेत. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत (अध्याय 2, आयत 282) उधारीविषयी आहे आणि व्यवहार लहान असो वा मोठा, तो मुदतीसह लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, असे ती बजावते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून उधारीवर धान्य उचलणारा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो तेव्हा त्याची नियत वाईट असतेच असे नाही. परंतु तारीख न ठरल्याने दोघेही आपापल्या सोयीचा अर्थ धरून चालतात आणि तंटा तिथेच उभा राहतो. ऐपत असूनही देणे लांबवणे हा हदीसनुसार, म्हणजे प्रेषितांच्या वचनानुसार, जुलूम आहे, तर अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड द्यावी, असे 2:280 सांगते. यातले सोयीचे तेवढेच तोंडपाठ असणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

कोल्हापुरी चपलांच्या मागणीत घोळ निराळा असतो. हाती नसलेली वस्तू विकू नये, हा सर्वसाधारण नियम. तरीही कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याच्या कराराला, म्हणजे इस्तिस्नाला, हनफी फिकहने, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या हनफी परंपरेने, मान्यता दिली आहे आणि त्याचे जुने उदाहरण पादत्राणांचेच आहे. मात्र कातडे, माप, घडण आणि किंमत न ठरवता इसार घेऊ नये. जोड तयार होणार नाही हे ठाऊक असताना ‘इन्शाअल्लाह (अल्लाहची इच्छा असेल तर), शुक्रवारी देतो’ म्हणणे ही तर अल्लाहच्या नावाने काढलेली पळवाट झाली.

गुळाच्या सौद्यात कोरडे रवे (गुळाच्या ढेपा) वर आणि ओलसर रवे खाली रचू नयेत. प्रेषित मुहंमद (स.) यांनी बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घातला असता आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. दोष दाखवून कमी भावाने विकण्यास हरकत नाही.

सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे भिशीचे पैसे चार दिवसांपुरते धंद्यात फिरवणे. नीट सांभाळलेली अमानत, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव, हयगय नसताना चोरीला गेली तर सांभाळणाऱ्यावर भरपाई येत नाही. परवानगीवाचून वापरली, तर ती रक्कम त्याच्या अंगावर येते आणि काहीही झाले तरी भरावी लागते. असे घडले असल्यास रक्कम भरून सभासदांना तसे सांगावे, आणि पुढे वापरायचीच असेल तर त्यांच्या संमतीने, परतीची तारीख लिहून, कर्ज म्हणून घ्यावी.