पॉलिमर क्लेचा पहिला मोदक फसतो कुठे? या चुका टाळा

पहिल्यांदा मी पॉलिमर क्लेचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून पक्क्या होणाऱ्या क्लेचे, मोदकाचे कानातले करायला घेतले. नखाएवढा मोदक, सुईने पाडलेल्या अकरा कळ्या. जोडी भाजली, गार केली आणि हुक अडकवायला एक मोदक चिमटीत धरला, तर तीन कळ्या खडूसारख्या तुटून हातात आल्या. आतून तो कोरडा, भुसभुशीत होता. कळ्या पाडण्यात काही चुकलं नव्हतं, चुकलं होतं भाजणं. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त काम इथेच वाया जातं, म्हणून आधी भाजण्याबद्दलच सांगते.

ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. मी काटा 130 वर ठेवला होता. नंतर ओव्हनचा थर्मामीटर आणून आत ठेवला, तेव्हा तो जेमतेम 105 दाखवत होता. हा थर्मामीटर क्लेच्या दुसऱ्या पाकिटाआधी घ्या. पाकिटावरचं तापमानही नीट वाचा, कारण ते सगळ्यांचं सारखं नसतं. फिमो सॉफ्ट या ब्रँडच्या क्लेला 110 अंश आणि 30 मिनिटं लागतात. स्कल्पी प्रीमो या दुसऱ्या ब्रँडला 130 अंश आणि दर 6 मिलिमीटर जाडीला 30 मिनिटं. आतलं तापमान स्थिर झालं की मगच वस्तू ठेवा. छोट्या ओटीजीत रॉड अगदी जवळ असतो, त्यामुळे वरून फॉइलचं सैल झाकण घाला, नाहीतर पांढरा मोदक तळल्यासारखा पिवळा पडतो.

वेळ वाचवायला तापमान मात्र कधीही वाढवू नका. क्ले करपला तर झोंबणारा, आम्लयुक्त धूर निघतो. तसं झालंच तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीतून बाहेर पडा. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर भाजायचं नाही, कन्व्हेक्शन चालतं. क्लेची फरशी, लाटणं, ट्रे परत स्वयंपाकात वापरू नका.

गरम असताना वस्तू मऊच लागते. ती पूर्ण गार झाल्यावरच तपासा. कच्ची राहिली असेल तर टाकून देऊ नका, योग्य तापमानाला पुन्हा भाजता येते. माझ्या जोडीतला उरलेला मोदक असाच वाचला.

दुसरी चूक पाण्याची. आपल्या हाताला शाडू आणि कणीक ठाऊक. क्लेला चिरा पडायला लागल्या की हात आपोआप पाण्याच्या वाटीकडे जातो. पण ही माती नाहीच. पीव्हीसीचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं तेलासारखं प्लॅस्टिसायझर आणि रंग, असा हा पदार्थ. पाणी त्यात मुरत नाही, घड्यांमध्ये अडकतं आणि भाजताना फुगे आणतं. क्ले कडक असेल तर छोटे तुकडे करून हाताच्या उबेने पाच-दहा मिनिटं मळा. उलट मे महिन्यात तो हाताला चिकटायला लागला, तर दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून काही तास ठेवा. कागद जादा तेलकटपणा शोषून घेतो. (एअर ड्राय लिहिलेला क्ले वेगळा. तो हवेत वाळतो, हा वाळत नाही.)

पांढऱ्या रंगावर कपड्यांचे धागे आणि आधीच्या रंगाचे डाग हमखास येतात. पांढरं काम आधी, लाल-काळं शेवटी, आणि मध्ये ओल्या वाइप्सने हात पुसायचे. धागा बसलाच तर भाजण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच टिपा.

जाड वस्तू भरीव करू नका, आत फॉइलचा घट्ट गोळा घाला. क्ले वाचतो आणि तडेही कमी जातात.

चकाकीसाठी नेलपेंट लावायचा मोह टाळा. सुरुवातीला छान दिसतं, पण त्यातल्या द्रावकामुळे पुढे पृष्ठभाग चिकट होऊ शकतो, आणि तो चिकटपणा मग जात नाही. पाण्यात मिसळणारं व्हार्निश वापरा. घासायचं असेल तर पॉलिश पेपर ओला करून घासा, म्हणजे भुकटी नाकात जाणार नाही.

हुकाची कडी नुसत्या गोंदावर सोडू नका. तिच्या तारेच्या टोकाला पक्कडीने बारीकसा बाक द्या आणि भाजण्याआधीच मोदकाच्या शेंड्यात खोचा. बाक क्लेमध्ये अडकून बसतो आणि कानातले ओढले गेले तरी कडी निसटत नाही.