मोबाईलच्या जमान्यात कॉम्प्युटरची लाईन धरू का?

बारावी झालेली, डिप्लोमा अर्धवट राहिलेली पोरं दुकानावर येतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, आता सगळं मोबाईलवर होतं. कॉम्प्युटर शिकून काही राहिलंय का?" जळगावात मी कॉम्प्युटर दुरुस्ती आणि विक्री करतो, संध्याकाळी टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) शिकवतो. माझं पोट याच धंद्यावर आहे, तेव्हा माझं म्हणणं थोडं पारखून घ्या.

मोबाईलने काय नेलं ते आधी सांगतो. सायबर कॅफे गेले. २०१६ मध्ये जिओ आलं आणि तासावर पैसे देऊन नेट वापरायची गरजच संपली. रेल्वेचं तिकीट, वीजबिल, सातबारा, निकाल सगळं खिशात आलं. हे परत येणार नाही, आणि येऊही नये.

आता सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळीच्या व्यापाऱ्याकडे जाऊन बघा. दिवसभर त्याचं काम मोबाईलवर चालतं: कोणत्या बागेत कटाई, भाव काय, गाडी कुठे पोहोचली, वजनाच्या पावतीचा फोटो. पण संध्याकाळी ऑफिसात तो ढीग टॅलीत चढवणारा माणूस लागतोच. मुरलेला अकाउंटंट डाव्या हाताने पावत्या उलटत जातो, उजवा हात नंबर पॅडवर न बघता चालतो, नजर पावतीवर आणि मधूनच स्क्रीनवर. शेतकऱ्याचं देणं, मजुरी, गाडीभाडं वेगवेगळ्या खात्यांत पडतं. हेच सहा इंची स्क्रीनवर अंगठ्याने करायला बसवा, पहिल्या पंधरा पावत्यांतच माणूस वैतागेल. दालमिलवाल्यांचं, सोन्याच्या पेढ्यांचं, सीएच्या ऑफिसचंही तेच. मालक मोबाईलवर आकडा बघतो, तो आकडा तयार होतो कीबोर्डवर.

नव्या पोरांची खरी अडचण इथेच आहे. रील कापणं, फोटो सुधारणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. पण "फाईल कुठे ठेवली?" विचारलं की उत्तर येतं, "व्हॉट्सअ‍ॅपला आहे ना." फोल्डर म्हणजे काय, एकाच बिलाच्या तीन कॉप्यांतली खरी कोणती, हा विचार मोबाईलने त्यांना कधी करूच दिला नाही. एक कॅपिटल अक्षर काढायला शिफ्ट दाबायचं सोडून कॅप्स लॉक चालू, अक्षर, कॅप्स लॉक बंद! मुलाखत घेणाऱ्याला तेवढं दिसलं तरी पुरे असतं. म्हणून पहिले दोन महिने टायपिंग, फोल्डर आणि एक्सेल यांनाच द्या. टायपिंगचं सर्टिफिकेटही काढून ठेवा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा आता कॉम्प्युटरवरच घेते, आणि लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागांना मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागतात.

आणि हो, कॉम्प्युटरचा डबा मात्र बदलणार. आपल्या अमळनेरात १९४५ ला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून निघालेली विप्रो पुढे कॉम्प्युटर बनवायला लागली, आणि २०१३ ला तिने तो धंदा सोडलासुद्धा. अ‍ॅपलने २०२० मध्ये लॅपटॉपला एम१ चिप दिली, ती आयफोनच्या चिपच्याच घराण्यातली. पुढच्या वर्षी तीच आयपॅडमध्ये बसवली. सॅमसंगचे भारीतले फोन २०१७ पासून मॉनिटरला जोडले की डेस्कटॉपसारखे चालतात. उद्या खिशातला फोनच तुमचा सीपीयू झाला तरी मोठा स्क्रीन, कीबोर्ड आणि बसायला टेबल लागेलच. शिकायचं ते त्या टेबलावरचं काम.

मशीन घेताना डोळे उघडे ठेवा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे कंपन्यांनी काढून टाकलेली जुनी मशीनं बाजारात स्वस्तात आली आहेत, आणि सहाव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ जबरदस्तीने बसवून देणारेही आहेत. पिढी विचारा, बिल घ्या. आठ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) असेल तर शिकायला भरपूर झालं. अगदीच जुनं मशीन घरात पडलं असेल तर त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाका. टायपिंग आणि हिशेबाची शीट शिकायला ते चालतं, टॅलीला मात्र विंडोजच लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा लॅपटॉप गोधडीवर ठेवून काम करू नका. खालची हवा कोंडली की मशीन आधी हळू होतं, मग बंद पडतं. माझ्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या निम्म्या तक्रारी धूळ आणि उष्णतेच्याच असतात.

दुरुस्तीत यायचं असेल त्यांना एक वेगळं सांगतो. रॅम बदल, हार्ड डिस्क बदल यावर आता घर चालत नाही. बऱ्याच नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली येते, म्हणजे लॅपटॉपची दुरुस्ती मोबाईलसारखीच झाली. मायक्रोस्कोपखाली, हॉट एअरने (गरम हवेच्या यंत्राने) चिप उचलता येणाऱ्या पोराला दोन्ही काउंटरवर काम आहे. क्लास लावण्याआधी आत जाऊन बघा: एका टेबलावर किती पोरं, आणि खराब बोर्ड हातात देतात की नुसतं फळ्यावर शिकवतात. फी नंतर विचारा.