डेटाबेस शिकताना कोणतं साहित्य धरावं, कोणतं सोडावं

आधी डेटाबेस ठरवा, मग साहित्य शोधा. नुसतं ‘एसक्यूएल ट्यूटोरियल’ शोधलं की मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर अशा वेगवेगळ्या डेटाबेसची सरमिसळ समोर येते. एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा एकच म्हणतात खरी, पण मायएसक्यूएलमध्ये मजकूर दुहेरी अवतरणात लिहिला तरी चालतो. पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) या मोफत डेटाबेसमध्ये तेच कॉलमचं नाव समजलं जातं आणि ‘असा कॉलमच नाही’ म्हणून एरर येते.

सुरुवातीला पोस्टग्रेस घ्या. इन्स्टॉल करतानाच अडकलात तर तात्पुरतं एसक्यूलाइट: अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, ना सर्व्हर ना पासवर्ड. मात्र ते आकड्यांच्या कॉलममध्ये अक्षरंही मुकाट ठेवून घेतं, त्यामुळे डेटा टाइपची शिस्त तिथे लागत नाही.

मग पोस्टग्रेसमध्ये ‘सिलेक्ट व्हर्जन()’ चालवून आपली आवृत्ती बघा आणि अधिकृत डॉक्युमेंटेशनचं पान त्याच आवृत्तीचं उघडा. पानाच्या वरच्या बाजूला आवृत्त्यांचे दुवे असतात. हे गरजेचं आहे, कारण २०२२ साली आलेल्या १५व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसच्या पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायच्या नेहमीच्या कप्प्यात) साध्या यूजरला टेबल बनवायची मुभा आपोआप मिळत नाही. त्याआधीचा धडा जसाच्या तसा गिरवला की ‘परमिशन डिनाइड’. सरावापुरता उपाय सोपा: त्या यूजरलाच डेटाबेसचा मालक करा.

त्या डॉक्युमेंटेशनचा ‘ट्यूटोरियल’ हा भाग तीनच प्रकरणांचा आहे. हवामान आणि शहरं अशा दोन टेबलांवर जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (ओळींचे गट करणं) सगळं येतं. वाचू नका, टाइप करा. त्यानंतर ‘पीजी एक्सरसाइझेस’ ही सरावाची वेबसाइट: एका क्लबचे सदस्य, सुविधा आणि बुकिंग अशी तीन टेबलं, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर आणि स्पष्टीकरण. ब्राउझरमध्येच चालतं. जॉइनचा विभाग उत्तर न उघडता सुटेपर्यंत पुढचं काही शोधू नका.

व्हिडिओंचं म्हणाल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमातला डीबीएमएस (डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम) कोर्स नॉर्मलायझेशनसारख्या (तीच माहिती पुन्हापुन्हा येऊ नये अशी टेबलं आखणं) थिअरीसाठी चांगला, परीक्षेलाही उपयोगी. कार्नेगी मेलन या अमेरिकी विद्यापीठाच्या डेटाबेस व्याख्यानांची शिफारस सगळीकडे दिसते, पण तिथे डेटाबेस आतून कसा बांधतात ते शिकवतात. नवख्याने सध्या त्या वाटेला जाऊ नये.

वेबसाइट बनवायच्या पीएचपी या भाषेच्या धड्यात ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ दिसली की तो टॅब बंद करा. हे फंक्शन २०१५ सालच्या पीएचपी ७ मधूनच काढलं आहे. ‘प्रायमरी की’ (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेली टेबलं बनवायला लावणारा धडाही नको.

एरर शोधताना संदेशातली आपली टेबल-कॉलमची नावं काढा, डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती जोडा. उत्तर सापडलं की त्याची तारीख आधी बघा.