उतरणारी कॅरेज, दुमडणारा खांब : हायमास्टच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

चौकात, बसस्थानकाच्या आवारात किंवा टोलनाक्यावर दिसणाऱ्या हायमास्टचा, म्हणजे खूप उंच दिव्यांचा, खांब जागचा हलत नाही. खाली-वर होते ती दिव्यांची गोल चौकट, जिला कामावर सगळे कॅरेज म्हणतात. आयटीआय किंवा पदविका करून या कामात येणाऱ्यांनी मोटारीच्या आधी एक प्रश्न समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो: मोटार थांबल्यावर वरचा भार कोण धरून ठेवते?

हायमास्टमध्ये हे काम वर्म गिअर करतो; यात वर्म नावाचा स्क्रूसारखा आट्यांचा दांडा दातेरी चक्रात अडकलेला असतो. खांबाच्या बुंध्यातील दारामागे बसवलेल्या विंचमध्ये, म्हणजे कॅरेजचा वायर रोप ड्रमवर गुंडाळणाऱ्या यंत्रात, वर्म चक्राला फिरवतो, मात्र चक्राला वर्म फिरवता येत नाही, कारण वर्मच्या आट्यांचा चढ घर्षणाला पुरून उरेल इतका नसतो. त्यामुळे वीज गेली तरी कॅरेज जागीच राहते आणि उतरवतानाही मोटार चालवावीच लागते. या गुणापायी निम्म्याहून अधिक शक्ती घर्षणात जाऊन तिची उष्णता होते. म्हणून गिअरपेटीतील तेल पाहिल्याशिवाय मी कोणालाही बटण दाबू देत नाही. झिजलेले दाते आणि हादरे यांमुळे ही पकड सुटू शकते, तेव्हा कॅरेजखाली कोणीही उभे राहू नये.

उतरवण्याआधी दिव्यांच्या केबलचा प्लग बुंध्यातून काढावा, आणि कॅरेज पूर्ण खाली आल्यावरही ड्रमवर वायर रोपचे काही वेढे शिल्लक आहेत ना, हे पाहावे; ओढ खरी पेलतात ते हे वेढे, टोकाची पकड नव्हे. तुटलेली एखादी तार हाताला लागली तरी रोप बदलण्याची नोंद करावी. कॅरेज वर अडकल्यास मोटारीवरचा टॉर्क लिमिटर (ठरावीक जोरापलीकडे घसरणारा जोड) आणखी आवळण्याची एक वाईट सवय काही ठिकाणी दिसते. लिमिटर घसरतो तो रोप वाचवण्यासाठीच, त्यामुळे अडथळा शोधणे हाच त्यावरचा उपाय आहे.

बिजागरीवर दुमडणाऱ्या खांबाचे गणित वेगळे आहे, कारण तेथे खांबच आडवा होतो. समजा खांब २०० किलोचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ५ मीटरवर आहे. आडव्या स्थितीत त्याला तोलण्यासाठी दुसऱ्या बाजूला १ मीटरवर १,००० किलोचे प्रतिवजन लागेल. प्रतिवजन नसेल आणि हायड्रॉलिक सिलिंडर बिजागरीपासून अर्ध्या मीटरच्या लंबांतरावर ढकलत असेल, तर त्याला सुमारे २ टन भाराइतका जोर लावावा लागेल. सर्वांत मोठी ओढ जमिनीलगतच असते. खांब ६० अंशांपर्यंत उठला की वजनाचा घूर्ण (बिजागरीभोवती फिरवणारा जोर) निम्म्यावर येतो. खांब उभ्या रेषेच्या किंचितही पलीकडे गेला, तर भाराची दिशा उलटते आणि सिलिंडरला ढकलण्याऐवजी ओढून धरावे लागते, म्हणून तेथे दोन्ही दिशांनी जोर देणारा सिलिंडर लागतो. बिजागरीची कुलूप-पिन पूर्ण बसल्याची डोळ्यांनी खात्री करेपर्यंत सिलिंडरचा दाब सोडू नये.